धुक्यातली दुसरी घंटा

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जहाज धक्क्याला लागलं. यायचं होतं ते आदल्या संध्याकाळी. पेंगुळलेले प्रवासी सामान ओढत उतरले, शिडी रिकामी झाली, तरी खालच्या मजल्यावरची एक केबिन उघडली नाही. दार ढकललं तेव्हा पलंगावर एक आंधळा म्हातारा मरून पडलेला दिसला. त्याची मुलगी त्याचा हात धरून बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "का थांबली हो घंटा?"

घंटा थांबून बराच वेळ झाला होता.

जहाज कंपनीने त्याच दिवशी खुलासा केला. परतीच्या वाटेवर धुक्याने गाठलं, नदीच्या मुखाशी नांगर टाकावा लागला, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं? प्रवाशांना रात्रीचं जेवण फुकट दिलं, पुढच्या सफरीसाठी सवलतीचं कूपनही दिलं. विषय संपला.

प्रवाशांच्या लेखी तो संपला नव्हता. नियम साधा होता. हवामानामुळे उशीर झाला तर जेवण आणि कूपन. कंपनीच्या कारणाने झाला तर पूर्ण भाडं परत, आणि त्या उशिरापायी कुणाचं काही बरंवाईट झालं असेल तर त्याची जबाबदारीही कंपनीची. म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली ती संध्याकाळी. जहाज वेळेवर आलं असतं तर समोर रस्ता ओलांडला की इस्पितळ होतं. तेव्हा सगळं एकाच प्रश्नावर येऊन अडलं होतं. म्हातारा धुक्याने मारला की माणसांनी?

हे ठरवायचं काम प्रवासी तक्रार कार्यालयाच्या तपासनीस बाईंकडे आलं. बाई साठीला टेकल्या होत्या. आवाज कधी चढत नसे आणि चष्मा कधी जागेवर राहत नसे. कारकून मंडळी त्यांना पाठीमागे 'चाळणीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "चाळणीच ती," त्या म्हणत, "पीठ खाली जातं, खडा वर राहतो. आपल्याला खड्याशी काम."

या प्रकरणात मात्र पहिल्या दिवशी खडा दिसेना. धुकं खरं होतं. प्रत्येक प्रवाशाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

२

प्रवाशांच्या वतीने आधी मास्तर आले. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी समोर वर्ग बसलाय अशा थाटात ते बोलत.

"उशीर झाला, हे आम्ही सोसलं. पण ती घंटा! दर मिनिटाला टणाटणा, टणाटणा. झोपायचं कसं माणसाने? जेवणानंतर कान जरा सरावले म्हणा. आधी डोक्यात घण घातल्यासारखी वाजत होती, मग दूर गेल्यासारखी वाटायला लागली. पण थांबली नाही. पहाटेला एकदम बंद पडली. खिडकीतून बघितलं, तर धुकं तसंच."

"आणि भोंगा?"

"कसला भोंगा?"

"जहाजाचा."

मास्तरांनी छताकडे बघत आठवून पाहिलं. "नाही बुवा. भोंगा नाही ऐकला. जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, खोटं कशाला बोलू? अख्खी भाजलेली कोंबडी प्रत्येक टेबलावर. आम्ही भांडायला बसलो होतो, पण तोंड भरलेलं असल्यावर भांडणार कसं?"

बाईंनी चष्मा वर ढकलला आणि मास्तरांना निरोप दिला.

मग मुलगी आली. सोबत धाकटा भाऊ. दोघं एकाच बाकावर बसले, पण मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"बाबा शिंपी होते," मुलगी म्हणाली. "डोळे गेल्यावरही बोटांनी काज शिवायचे. मला म्हणाले, एकदा समुद्र दाखव. मी म्हटलं, तुम्हाला दिसणार काय? तर म्हणाले, तू बघ, मी ऐकतो."

"आणि हिने नेलं," भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो, ताई, त्यांचं वय काय, तब्येत काय!"

"तू सांगत होतास, पण येऊन बघत नव्हतास."

"भांडण घरी," बाई शांतपणे म्हणाल्या. "दुपारचं सांगा."

दुपारी सगळ्या प्रवाशांना खालच्या दिवाणखान्यात बोलावलं होतं, खेळ आणि बक्षिसं होती. म्हातारा गेला नाही. वरच्या डेकवर तो खुर्चीत बसून राहिला. मुलगी चहा आणायला खाली गेली. परत आली तर तो स्वतःशीच हसत होता.

"मला म्हणाले, 'तुझं जहाज वाट चुकलं गं. ऊन कलल्यापासून डाव्या गालावर होतं, आता उजव्या गालावर आलंय.' मी हसण्यावारी नेलं. चहा पिऊन होईतो सगळं पांढरं झालं, इतकं की त्यांचे पाय दिसेनात मला. मग घंटा सुरू झाली. तर म्हणाले, 'दोन आहेत.' मी म्हटलं, काय दोन? म्हणाले, 'घंटा. एक इथली. दुसरी लांबून उत्तर देतेय.'"

"तुम्ही ऐकली दुसरी?"

मुलीने मान हलवली. "मला एकच ऐकू येत होती. मला वाटलं, भ्रम होतोय त्यांना. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं तेव्हा जहाजाच्या डॉक्टरांना मीच सांगितलं, दुपारपासून जरा बरळतायत. त्यांनी झोपेची गोळी दिली. म्हणाले, सकाळी किनाऱ्यावर दाखवू." ती थांबली. "मी बसल्या बसल्या झोपले. घंटा थांबली म्हणून जाग आली. बघते तर हात गार."

 कार्यालयाखालच्या दोरखंडाच्या दुकानात कुणीतरी फळीवर काहीतरी आपटलं.

"तुम्हाला काय हवं आहे?" बाईंनी विचारलं.

"कंपनीचे वकील म्हणतात, म्हातारा वेडसर झाला होता, तो काय बोलला ते धरू नका. मॅडम, बाबा शुद्धीत होते का, एवढं कळू दे. होते असं ठरलं, तर माझं काय ते मी बघीन. पण मेल्यावर त्यांच्या नावाला वेडेपणा नको चिकटायला."

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. दाराशी गेल्यावर तो हळूच मागे आला.

"ऊन समजू शकतो मी," तो म्हणाला. "पण बाई, समुद्रात दुसरी घंटा कोण वाजवणार?"

३

जहाज धक्क्याला बांधलेलं होतं आणि रिकामं होतं. रिकाम्या जहाजात माणसाला आपल्याच पावलांची भीती वाटते. बाई वरच्या डेकवर आल्या तेव्हा दिवसाढवळ्याच समुद्रावरून पांढरा पदर सरकत येत होता. खुर्च्या फळ्यांना स्क्रूने पक्क्या केलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं पुढे. बाई म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. परतीची वाट उत्तरेची, म्हणजे दुपारनंतरचं ऊन डाव्या गालावर. उजव्या गालावर यायला एकतर खुर्ची फिरायला हवी, नाहीतर जहाज.

"तिथेच बसायचे ते आंधळे बाबा," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी डोळे उघडले. पुढच्या टोकाशी एक खलाशी उभा होता, पन्नाशीचा, हातात चिंधी. त्याच्या शेजारी पितळी घंटा. जुनं जहाज, जुनी रीत, धुक्यात नांगरावर असताना हातानेच वाजवायची. घंटेचा लोलक लोकरीच्या मफलरने गुंडाळून गच्च बांधलेला होता.

"ही बांधून का ठेवलीय?"

"वारं वाजवतं, बाई." खलाशाने नजर चुकवली. "उगाच वाजलेली बरी नाही ना."

"त्या रात्री तुम्हीच वाजवत होता?"

"संध्याकाळी मीच," तो म्हणाला आणि चिंधीने आधीच लखलखीत असलेलं पितळ पुन्हा पुसायला लागला.

"नदीच्या मुखाशी नेहमीच असं धुकं असतं का हो?"

"या दिवसांत रोज दुपारी. नदीचं पाणी गार, समुद्राचं कोमट. खलाशी लोक त्या जागेला 'म्हातारीची चूल' म्हणतात. रोज पेटते, रोज धुमसते. शहाणा माणूस लांबून जातो."

बाईंनी ते मनात ठेवलं आणि दिवाणखान्यात गेल्या. पाहुणचाराचं सगळं बघणाऱ्या व्यवस्थापिका बाई तिथे वाट बघत होत्या, हसू ओठावर आणि कपाळाला आठी.

"आम्ही आमच्या पाहुण्यांना काही कमी पडू दिलं नाही. विचारा कुणालाही! दुसऱ्या कंपन्या उशिरात बिस्किटं वाटतात. आम्ही पंगत वाढली."

"घंटेची तक्रार होती म्हणे."

"होती ना! अर्धा दिवाणखाना माझ्या अंगावर आला. मी खलाशाला सांगितलं, बाबा रे, जेवणं झाली की थांबव ती. ऐकेल तर शपथ! पहाटेपर्यंत टणटण चालूच. दुसऱ्या दिवशी झापलं मी त्याला, तर मेल्याने तोंडातून शब्द काढला नाही. नुसता पांढराफटक होऊन बघत राहिला माझ्याकडे."

"धुक्यात घंटा थांबवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

व्यवस्थापिका बाईंचं हसू मावळलं. "म्हणून तर... थांबवली नाही ना त्याने," त्या घाईने म्हणाल्या. "मग झालं."

बाई निघाल्या. शिडीवरून वळून पाहिलं तेव्हा धुकं घंटेपर्यंत आलं होतं. खलाशी घंटेकडे पाठ करून उभा होता. कुणीतरी मागून हाक मारील, अशा धास्तीने.

४

कप्तान तडफदार माणूस होता, गणवेशाला सुरकुती नव्हती. जहाजाच्या दिवाणखान्यात कंपनीचे वकीलसाहेब त्याच्या बाजूला बसले होते आणि स्वतःच्या चहात साखर ढवळत होते.

"बाई, तुमची चाळणी आज कप्तानांवर का?" वकील हसत म्हणाले. "धुक्याला समन्स पाठवा की!"

"धुकं येऊन गेलंय, वकीलसाहेब. त्याची साक्ष सगळ्यांनी दिली." बाई कप्तानाकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

"चालत्या जहाजाला गाठलं त्याने," कप्तान म्हणाला. "समोरचं दिसेना. तरी मी तास-दीड तास रांगत आणलं जहाज. मग जिवाचा धोका नको म्हणून नदीच्या मुखाशी नांगर टाकला."

"तोवर प्रवासी?"

"दिवाणखान्यात. खेळ चालले होते. त्यांना काय कळणार वर काय चाललंय."

"आणि तुमचा धक्का? तो मोकळा होता?"

वकिलांचा चमचा थांबला. "त्याचा इथे काय संबंध? आमचं मोठं जहाज धक्क्यावर होतं. हे धुक्यात अडकलं म्हणून त्याला थांबवून ठेवलं, एवढंच."

"हो का," बाई म्हणाल्या. "मोठ्या जहाजाने लग्नाचं वऱ्हाड जायचं होतं असं ऐकते. वऱ्हाडाला उशीर झाला होता म्हणे."

"वऱ्हाडं उशिरा येतातच," वकील म्हणाले. "त्याला आपण काय करणार?"

बाईंनी मान डोलावली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "कप्तान, तुमचा भोंगा चालतो का हो?"

कप्तान ताठ झाला. त्याच्या जहाजाबद्दल कुणी शंका घेतलेली त्याला खपत नसे. "माझ्या जहाजावरची प्रत्येक वस्तू चालते. भोंगा सफरीला निघताना तपासलेला, परत आल्यावर तपासलेला. वाजवून दाखवू?"

"कप्तान, राहू द्या," वकील म्हणाले.

"राहू द्या काय! वाजवतोच." त्याने वर निरोप पाठवला.

भोंगा वाजला. दिवाणखान्याच्या काचा थरथरल्या, बशीतला कप सरकून वकीलसाहेबांच्या मांडीवर कलंडला, धक्क्यावरचे पक्षी एकदम उडाले. आवाज पोटात शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

तो विरला तेव्हा वकील रुमालाने पँट पुसत होते आणि बाई कप्तानाकडे बघत होत्या. कप्तानाच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरत चालला होता. आपण काय करून बसलो, ते त्याच्या आता ध्यानात येत होतं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "बहिऱ्यालाही ऐकू येईल."

५

आता एकच जागा राहिली होती, भटारखाना. मुख्य आचारी देहाने कढईसारखा रुंद आणि जिभेने तिखट होता.

"तपास? माझ्या स्वयंपाकाचा?" त्याने पळी हवेत धरली. "कुणाला जुलाब झाले?"

"उलट. सगळे अजून कोंबडीचं नाव काढतात. मला फक्त शिकायचंय. एवढ्या कोंबड्या एका रात्रीत कशा जमवल्या?"

"जमवतो कसला! बर्फघरात असतात." तो खुलला. "पण बाई, बर्फातली कोंबडी म्हणजे दगड. त्यावर सुरी घातली तर सुरी मोडेल. घाईघाईत गरम पाण्यात टाकणारे आचारी आहेत, पण मी त्यांना आचारी म्हणत नाही. चव मरते. सावकाश सुटू द्यावी लागते. अख्खा दिवस जातो."

"मग त्या दिवशी केव्हा काढल्या होत्यात बाहेर?"

"नाष्ट्याच्याही आधी. व्यवस्थापिका बाईंचा निरोप आला, रात्रीचं जेवण धरा, झकास हवं. मी म्हटलं, रात्रीचं? संध्याकाळी तर आपण धक्क्यावर. तर म्हणाल्या, तुम्हाला काय करायच्या चौकशा, कोंबड्या काढा. काढल्या! आणि बघा, बोटं चाटत बसले लोक."

"त्या सकाळी आकाश कसं होतं?"

"लख्ख," आचारी म्हणाला. "ऊन असं की खिडकीशी उभं राहवेना."

 पळी हळूहळू खाली आली. बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाही. तुम्ही चव मरू दिली नाही, एवढंच."

६

सुनावणीला खोली भरली. मास्तर पहिल्या रांगेत, मुलगी आणि भाऊ भिंतीकडेला. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज नेहमीचाच होता.

"धुकं होतं का? होतं. त्यावर वाद नाही. वाद एवढाच आहे, की आधी काय झालं. धुकं आलं म्हणून जहाज थांबलं, की थांबायचंच होतं म्हणून जहाज धुक्यात जाऊन बसलं?"

खोलीत चुळबुळ झाली.

"कप्तान म्हणतात, चालत्या जहाजाला धुक्याने गाठलं आणि ते तास-दीड तास धुक्यात चालत राहिलं. धुक्यात चालणाऱ्या जहाजाने थोड्या थोड्या वेळाने भोंगा वाजवायचा असतो. नांगरावर असलेल्याने घंटा. प्रवाशांनी घंटा ऐकली. भोंगा एकानेही ऐकला नाही. परवा मी तो ऐकला. अजून माझ्या पोटात वाजतोय. तेव्हा एकतर भोंगा बिघडलेला होता, आणि बिघडलेलं जहाज धुक्यात चालवणं हा कंपनीचाच दोष. नाहीतर भोंगा ठणठणीत होता आणि वाजवायची गरजच पडली नाही. कारण धुकं आलं तेव्हा जहाज चालत नव्हतं. नांगर आधीच पडला होता, भर उन्हात. भोंगा ठणठणीत असल्याची ग्वाही कप्तानांनी स्वतः दिली."

कप्तान जमिनीकडे बघत होता.

"दुसरं. रात्रीचं जेवण. ज्यांना संध्याकाळी उतरायचं होतं, त्यांच्यासाठी सकाळी नाष्ट्याआधी कोंबड्या बर्फातून बाहेर काढल्या. आकाश लख्ख असताना. उशीर होणार हे कंपनीला तेव्हाच ठाऊक होतं. का? कारण धक्का मोकळा होणार नव्हता. वऱ्हाडासाठी मोठं जहाज रोखलं होतं. खुल्या समुद्रात थांबलं असतं तर प्रवाशांनी कारण विचारलं असतं आणि पूर्ण भाडं परत द्यावं लागलं असतं. म्हणून जहाज 'म्हातारीच्या चुली'पाशी नेऊन उभं केलं. ती रोज पेटते. कारण आपोआप मिळालं." बाईंनी चष्मा वर ढकलला. "बिस्किटं वाटली असती तर कदाचित पचलं असतं. पाहुणचार नडला."

मास्तर उठून उभे राहिले, कुणाला शाबासकी द्यावी हे न कळल्याने पुन्हा बसले.

वकीलसाहेब मात्र उठले ते उभेच राहिले. "ठीक. उशिराचं मान्य धरू. पण म्हाताऱ्याच्या मृत्यूचं कंपनीच्या गळ्यात कसं बांधता? डॉक्टरांनी छातीतली कळ गंभीर धरली नाही, कारण माणूस भ्रमात होता. मुलीनेच सांगितलं तसं."

"ते भ्रमात नव्हते," बाई म्हणाल्या. "उजव्या गालावर ऊन आलं, असं ते म्हणाले. जहाज मागे फिरलं असेल किंवा नांगरावर वळलं असेल. दोन्हींत ते खरं होतं. अख्ख्या जहाजात त्या वेळी खरं ओळखणारे ते एकच प्रवासी."

"आणि दुसरी घंटा?" वकिलांनी आवाज खाली आणला. ते आता हसत नव्हते. "बाई, तुम्ही चाळणी लावता, तर ती यालाही लावा. बंदर कार्यालयाला मी विचारलंय. त्या रात्री नदीच्या मुखाशी दुसरं जहाज नव्हतं. होडी नव्हती. जवळ डोंगर नाही की प्रतिध्वनी यावा. मग त्यांना लांबून उत्तर देणारी घंटा ऐकू आली ती कशी? उन्हाचं बरोबर आलं, तो योगायोग. माणूस शुद्धीत नव्हता."

 "ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

निकाल लागला. सगळ्या प्रवाशांना पूर्ण भाडं परत. उशिराचं कारण कंपनीचं. मृत्यूच्या जबाबदारीचा भाग मात्र मागे ठेवला, म्हातारा शुद्धीत होता की नाही, हे ठरेपर्यंत; शुद्धीत असला तर त्याची छातीतली कळ झोपेच्या गोळीवर निभावायला कंपनीकडे सबब उरत नव्हती.

बाहेर जिन्यावर मुलगी कठड्याला धरून उभी होती. लोक तिचं अभिनंदन करून खाली उतरत होते.

"ताई, चल," भाऊ म्हणाला. मग, फार हळू, "ऊन खरं निघालं गं. पण घंटा..."

"चल," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कार्यालयात एकट्या होत्या. बाहेर धुकं होतं, रस्त्यापलीकडचं घर दिसत नव्हतं. दार वाजलं. खलाशी आत आला. त्याने टोपी काढली, बसला नाही.

"निकालात माझं नाव नाही आलं," तो म्हणाला.

"यायला हवं होतं का?"

त्याने खिशातून मफलर काढला. लोकरीचा, घंटेच्या लोलकाला बांधलेला होता तोच. बाईंच्या टेबलावर ठेवला.

"त्या रात्री व्यवस्थापिका बाईंचा निरोप आला. जेवणं झाली, घंटा थांबव. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नोकरी, बाई. पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मी लोलकाला हा मफलर गुंडाळला आणि गाठ मारली. माझी गाठ, कुणाला सुटायची नाही. आणि तिथेच बसून राहिलो, काही आलं धुक्यातून तर निदान ओरडता येईल म्हणून."

बाईंनी मफलरला हात लावला नाही. "मग?"

"मग..." त्याने मफलरकडे बोट केलं. "मी बसलो होतो. माझ्या हाताच्या अंतरावर घंटा मुकी लटकत होती. आणि घंटा वाजत होती."

बाहेर एक गाडी धुक्यातून सावकाश गेली.

"आधी वाटलं, कान वाजतायत. पण दर मिनिटाला, बरोबर, नेमाने. लांबून. पाण्यावरून. मी वाजवायचो तशीच. खाली जाऊन कुणाला सांगणार? घंटा बांधली म्हणून सांगितलं असतं तर गुन्हा. आणि प्रवाशांना तर काहीच वेगळं वाटलं नाही. त्यांना घंटा ऐकू येतच होती ना!"

बाईंना मास्तर आठवले. जेवणानंतर दूर गेल्यासारखी वाटायला लागली. व्यवस्थापिका आठवल्या. ऐकेल तर शपथ. दोन्ही वाक्यं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि पीठ समजून खाली जाऊ दिली होती.

"पहाटे ती थांबली," खलाशी म्हणाला. "एकदम. उजाडल्यावर बघितलं, गाठ जशीच्या तशी. दवाने भिजून घट्ट झालेली. आज कापून काढावी लागली."

मफलरची कड खरोखरच सुरीने कापलेली होती.

"हे शपथेवर सांगाल?"

"नोकरी जाईल."

"जाईल."

खलाशाने टोपी हातात एकदा फिरवली. मग खुर्ची ओढून बसला. "तो म्हातारा संध्याकाळी केबिनकडे जाताना माझ्यापाशी थांबला होता, बाई. मला म्हणाला, 'तुझा जोडीदार छान ताल धरतोय.' मी हसलो त्याला. सांगतो शपथेवर. घ्या लिहून."

त्याचा जबाब झाला. तो गेल्यावर बाईंनी मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं, एकही शब्द पुढेमागे न करता. तुमच्या वडिलांनी दोन घंटा ऐकल्या. त्यातली एक जेवणानंतर बांधली गेली. त्यानंतर पहाटेपर्यंत अख्ख्या जहाजाने जी ऐकली, तुम्ही जी ऐकत झोपलात आणि जिच्या थांबण्याने उठलात, ती दुसरीच होती.

 मग मुलीने फोन भावाच्या हातात दिला असावा. त्याचा श्वास ऐकू आला.

"म्हणजे बाबा..." तो म्हणाला.

"शुद्धीत होते," बाई म्हणाल्या. "तसंच लिहिणार आहे मी."

भाऊ रडत होता की काय, ते बाईंना कळलं नाही. मागून मुलीचा आवाज आला, "विचार त्यांना, मग ती वाजवत कोण होतं?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे नुसता पांढरेपणा होता.

जबाबदारीचा राखून ठेवलेला भाग त्याच आठवड्यात कंपनीवर बसला. खलाशाची नोकरी गेली. बंदर कार्यालयाला बाईंनी स्वतः जाऊन पुन्हा विचारलं, आणि उत्तर बदललं नाही. त्या रात्री नदीच्या मुखाशी दुसरं जहाज, होडी, तराफा, काहीही नव्हतं. घंटा पहाटेपर्यंत वाजत होती, आणि सगळ्यांनी ती ऐकली. आत्तापर्यंत एवढंच कळलं आहे.